लवणस्तंभाचे चूर्ण

स्मृती: नाही बाबा, यादी पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर सत्यजित राउंडला निघालेत, ते आले की हेच विचारणार. आई दिवसभरात काय काय घेत होत्या?

सदानंद: सकाळी रक्तदाबाची गोळी. न्याहारीनंतर गुडघ्यांसाठी कॅल्शियमची एक. दर रविवारी ड जीवनसत्त्वाची एक. शनिवारी तिला दाखल करताना मी हे सुवाच्य अक्षरात लिहून दिले आहे.

स्मृती: आणि मीठ.

सदानंद: हं.

स्मृती: फाइलवर लिहिलंय, पेशंट जास्तीचं मीठ खाते. एवढ्या टेन्शनमध्ये मला हसू आलं. सासूबाईंच्या आमटीत मी चोरून वरून मीठ घेते, आणि म्हणे त्या जास्त खातात!

सदानंद: आज तिने ओळखले का तुला?

स्मृती: मालू म्हणाल्या मला. त्यांच्या बहिणीचं नाव ना? मग म्हणाल्या, वणीची गाडी गेली का बघ. म्हटलं, आई, आपण रियाधला आहोत. तर माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशी मीच भ्रमिष्ट आहे.

सदानंद: तपासणी किती वाजता आहे?

स्मृती: दुपारच्या नमाजानंतर, एक वाजता. शिरेतून औषध सोडून छाती-पोटाचा स्कॅन. उद्या कमरेच्या हाडात सुई घालून मॅरो काढणार. रक्तातलं कॅल्शियम चौदाच्या वर गेलंय आणि गळ्यातल्या ग्रंथीचा रिपोर्ट चांगला आला. मग कॅल्शियम येतंय कुठून? हाडातूनच, असं त्यांचं म्हणणं. बाबा, ते काय शोधतायत, तुम्हाला कळतंय ना?

सदानंद: समजते.

स्मृती: कुणी नाव घेत नाहीये. मीच घेते. कॅन्सर.

सदानंद: त्या शिरेतल्या औषधाचा मूत्रपिंडांवर ताण येतो, असे काल परिचारिका म्हणाली.

स्मृती: येतोच. क्रिएटिनिन आधीच दुप्पट झालंय. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण कारण सापडत नसेल तर घ्यावाच लागेल. मी सही केली.

सदानंद: तू सही केलीस?

स्मृती: शर्विल रस्त्यात, तुम्ही खाली बागेत जाऊन बसलेले. कुणीतरी करायला हवी होती ना?

सदानंद: स्मृती, मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे.

स्मृती: बाबा, ते मराठी मंडळातलं व्याख्यान मी पुढे ढकलून घेतलंय. शुक्रवारी नाहीये आता ते. त्याची काळजी सोडा.

सदानंद: व्याख्यानाचे नाही. म्हणजे एका अर्थी त्याचेच. स्टॅलॅक्टाइटला मराठीत काय म्हणतात?

स्मृती: बाबा, प्लीज!

सदानंद: शाळेत भूगोलात होते. आठव.

स्मृती: लवणस्तंभ. छतावरून लोंबतो तो अधोमुखी, जमिनीतून उगवतो तो ऊर्ध्वमुखी. दोन मार्कांना यायचं. झालं समाधान?

सदानंद: लवण म्हणजे काय?

स्मृती: मीठ.

सदानंद: इथेच घोटाळा आहे. त्या स्तंभात मीठ नसते. आम्ल आणि अल्कली यांच्या संयोगाने जो क्षार तयार होतो, त्या प्रत्येकाला रसायनशास्त्रात लवण म्हणतात. गुहेतला स्तंभ चुनखडीचा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. मराठी शब्द रसायनशास्त्रातल्या अर्थाने चालतो. रोजच्या बंगालीत मात्र लवण म्हणजे जेवणात घालायचे मीठ. दुसरे काही नाही.

स्मृती: बंगालीशी आपला काय संबंध... थांबा. डॉक्टर सत्यजित बंगाली आहेत.

सदानंद: होय.

स्मृती: तुम्ही त्यांना काय सांगितलंत?

सदानंद: शनिवारी त्यांनी हिंदीतून विचारले, कोई देसी दवा, कोई चूरन लेती हैं क्या. मी म्हणालो, लवणस्तंभ का चूर्ण, आधा चम्मच, दिन में दो बार. त्यांनी पहिली तीन अक्षरे ऐकली, ओळखीचा शब्द मिळाल्यासारखी मान हलवली आणि लिहून घेतले.

स्मृती: म्हणजे आई... दगड खात होत्या?

सदानंद: चूर्ण. वस्त्रगाळ केलेले.

स्मृती: वस्त्रगाळ! बाबा, तुम्ही ऐकताय का स्वतःला? कुठून आलं ते? स्वयंपाकघरातली ती निळ्या झाकणाची बरणी? ज्यावर तुम्ही सुबक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं? मला वाटलं, तुमचं काळं मीठ असेल!

सदानंद: बघ. तूही मीठच वाचलेस.

स्मृती: माझ्यावर ढकलू नका.

सदानंद: ढकलत नाही. केवळ नोंदवतो आहे.

स्मृती: किती दिवस?

सदानंद: एकशे नऊ.

स्मृती: साडेतीन महिने! आणि का? कशासाठी?

सदानंद: जळजळीसाठी. तुला ठाऊक आहे, तिला आम्लपित्ताचा त्रास जुना आहे. वणीचे वैद्य तिला शंखभस्म देत असत. येताना आणलेले भस्म संपले. मंडळातले कुणी भारतातून येणार होते, त्यांचे येणे लांबले. शंखभस्म म्हणजे तरी काय? तेच कॅल्शियम. त्याच सुमारास शर्विलने मला सुम्मानच्या पठारावरून दोन तुकडे आणून दिले. तिकडे जमिनीत विवरे आहेत, अरब लोक त्यांना दहल म्हणतात. आत उतरले की छताला हे स्तंभ लटकलेले. मी तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. उत्तम फसफसले.

स्मृती: फसफसलं म्हणून खायला दिलंत.

सदानंद: ते लवणस्तंभांवरच्या व्याख्यानाच्या ओघात घडले. मी रोज संध्याकाळी सांगायचो आणि ती लिहून घ्यायची, मी फार सावकाश लिहितो म्हणून. मी तिला सांगितले, जुन्या चिनी वैद्यांनी हा दगड खोकल्यावर आणि अशक्तपणावर दिला. युरोपात गुहेच्या भिंतीवरची पांढरी माती जखमेवर भरत, तिला चंद्राचे दूध म्हणत. माया लोक हे स्तंभ तोडून देवळात नेऊन ठेवत. क्रीट बेटावर एका गुहेत बाईच्या आकाराचा स्तंभ आहे, बायका आपले पोट त्याला घासत, मूल सुखरूप व्हावे म्हणून. घासून घासून तो गुळगुळीत झाला आहे. ते ऐकून पद्मिनीने पेन खाली ठेवले. म्हणाली, ही तर आपली सटवाईच की. मग म्हणाली, इतक्या बायकांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, तो काय उगाच?

स्मृती: आणि तुम्ही काय म्हणालात?

सदानंद: मी म्हणालो, थेंबाथेंबाने वाढणारा दगड लोकांना जिवंत वाटत असे. जिवंत वस्तूत गुण असतो, अशी त्यांची धारणा होती.

स्मृती: धारणा होती की गुण असतो?

सदानंद: मी धारणा म्हणालो. तिने गुण ऐकला. मी दुरुस्त केले नाही. तिला इतके रस घेऊन ऐकताना मी फार दिवसांनी पाहत होतो.

स्मृती: त्या चिन्यांचं काय झालं? खाऊन बरे झाले?

सदानंद: काही जण आजारी पडले. दगडाची औषधे खाऊन माणसे बिघडतात, असे त्यांच्याच जुन्या लिखाणात सापडते. ते पान मी काढून ठेवले होते.

स्मृती: व्याख्यानात आहे ते?

सदानंद: नाही. वीस मिनिटांची मर्यादा होती. गाळले.

स्मृती: बाबा...

सदानंद: तू मला बोल. बोलायलाच हवे.

स्मृती: मला बोलायला वेळ नाहीये. साडेबारा होत आलेत. अर्धा चमचा दोन वेळा, आणि तेवढ्याने माणूस असा होतो?

सदानंद: हाच हिशेब मला जुळत नव्हता, म्हणून मी गप्प होतो. आज सकाळी घरून निघताना बरणी तोलली. माझ्या मात्रेने अजून अर्ध्याहून अधिक शिल्लक असायला हवी होती. तळाशी बोटभर उरली आहे. ती दिवसातून पाच-सहा वेळा घेत असावी. वर दुधाचा पेला. वर कॅल्शियमची गोळी. आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, ते कॅल्शियम शरीरात धरून ठेवते. हे मी आत्ता खाली बसून वाचले.

स्मृती: म्हणून ती तहान! रात्रंदिवस पाणी, बाथरूमच्या फेऱ्या, पोट साफ नाही, मळमळ. आम्ही म्हणत होतो, रियाधची कोरडी हवा सोसत नाहीये.

सदानंद: मळमळली की ती आणखी एक चमचा घेत असणार.

स्मृती: अरे देवा. पण बाबा, मग... मग कॅन्सर नसेलही! ऐका ना. नसेलच. डॉक्टरांनी ऐकण्यात चूक केली. आत्ता जाऊन सांगू, तुम्ही चुकीचं लिहून घेतलंत, चार दिवस आमच्या पेशंटचे हाल केलेत. उठा.

सदानंद: क्षणभर थांब. शर्विलला येऊ दे.

स्मृती: शर्विलचं काय आता?

सदानंद: दगड त्याच्या कामावरचे आहेत.

(जिन्याचे दार ढकलून शर्विल येतो. बुटांवर साइटची पांढरी धूळ.)

शर्विल: रास अल खैरहून थेट. मध्ये फक्त पेट्रोलला थांबलो. आई कशी आहे? आत सोडतायत?

स्मृती: झोपल्यात. शर्विल, तू बाबांना ते गुहेतले दगड दिलेस?

शर्विल: तुला कोणी... बाबा, तुम्ही सांगितलंत?

सदानंद: सांगावे लागले. पद्मिनी ते चूर्ण घेत होती.

शर्विल: घेत होती म्हणजे? खात होती? बाबा, मी तुम्हाला अभ्यासाला दिले होते ते!

सदानंद: होय.

शर्विल: तुम्ही छत्तीस वर्षं सिमेंटच्या लॅबमध्ये काढलीत. तिथल्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. लेबल नसलेली बाटली उघडली म्हणून एका शिकाऊ पोराला तुम्ही आठवडाभर घरी बसवलं होतंत!

सदानंद: या बरणीला लेबल होते.

स्मृती: तेच तर नडलं. शर्विल, भांडण नंतर. डॉक्टरांनी लवण म्हणजे मीठ समजून लिहिलं. ते कॅल्शियम आहे हे त्यांना आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे. एक वाजता स्कॅन आहे, त्या औषधाने किडन्या जातील.

शर्विल: मग सांगा ना! यल्ला, चला, थांबलोय कशाला?

सदानंद: ते विचारतील, कुठून आणले.

शर्विल: हं.

स्मृती: मग?

शर्विल: मग माझी वाट लागते. पाण्याच्या लाइनसाठी आम्ही तिथे जमीन तपासतो, खाली पोकळी आहे का ते. कामावर घेतानाच सही घेतलीय, दहलमधला खडासुद्धा साइटबाहेर नेणार नाही. सरकारी विभागाला यादी जाते त्याची. मालकाला, कफीलला, कळलं तर खलास. इथे राहायचा इकामाच रद्द, आणि तुम्ही सगळे माझ्याच नावावर आलेले.

स्मृती: आणि आई?

शर्विल: आईला काही होऊ देणार नाहीये मी. ऐका. कॅल्शियमचं चूर्ण होतं, एवढं खरं सांगायचं. कुठून आणलं, तर बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून. बथ्याच्या बाजारात आई ज्याच्याकडून ओवा घेते, तो कोण, हाशिर. त्याच्याकडे सगळे असलं काहीबाही घेतातच. उपचार तोच होणार ना? फरक काय पडतो?

स्मृती: खरंय. डॉक्टरांना कॅल्शियमशी मतलब. बाबा, हे चालेल.

सदानंद: हाशिर तिला प्रत्येक वेळी मूठभर पुदिना वर देतो. खालती, खालती, म्हणजे मावशी, मावशी, करत पिशवी तिच्या हातातून घेऊन रस्त्यापर्यंत पोचवतो.

शर्विल: बाबा, त्याला कोण पकडायला जातंय?

सदानंद: रुग्णालय अशी गोष्ट वर कळवते. त्याच्या दुकानात माणसे जातील. त्याचाही इकामाच आहे, येमेनचा माणूस आहे तो.

शर्विल: आणि माझ्या ऑफिसात गेली तर चालतील?

सदानंद: नाही चालणार. म्हणून तर मी चार दिवस बाकावर बसून आहे. पण हाशिरचे नाव न घेण्याचे दुसरेही कारण आहे. नमुन्याचा उगम हा तक्त्यातला पहिला रकाना. तो खोटा भरला की पुढचा प्रत्येक आकडा खोटा. बाजारातले चूर्ण म्हटले तर डॉक्टर एका गोष्टीची तपासणी करतील, गुहेतले म्हटले तर दुसऱ्या. मी केवळ व्हिनेगर टाकून पाहिले. त्यात आणखी काय होते, मला ठाऊक नाही. निदान गुहेतला स्वच्छ दगड होता, एवढे तरी...

शर्विल: नव्हता.

सदानंद: काय नव्हता?

शर्विल: पहिले दोन तुकडे आतले. खरे. मी स्वतः दोर लावून उतरलो होतो. नंतर तुम्ही आणखी मागितलेत, ती बादली... ती आतली नव्हती.

सदानंद: तू म्हणालास, तिसऱ्या दालनातली.

शर्विल: पुन्हा उतरायला परवानगी नव्हती. ड्रिल मशीनच्या बाजूला ढीग पडला होता. मशीनने फोडलेले तुकडे. आम्ही बोअरमध्ये जो चिखल सोडतो, तो तिथेच ओततात. त्यात काय-काय पावडरी असतात, मला नीट माहीत नाही. मी धुऊन आणले.

स्मृती: शर्विल!

शर्विल: मला काय माहीत आई खाणार आहे! हे बघ, बाबा इथे आल्यापासून काय करत होते, तू पाहिलंस. खिडकीत उभं राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे. पांढऱ्या किती, काळ्या किती. ते दोन दगड दिले आणि माणूस बदलला. भिंग काय आणलं, छोटा वजनकाटा काय मागवला. फोनवर मला स्तंभाच्या आतली वलयं समजावत होते. मला वाटलं, आणखी मागतायत तर द्यावेत. कुठले का असेनात.

सदानंद: मी वहीत लिहिले आहे, तिसरे दालन, उत्तर भिंत.

शर्विल: मी सांगितलं म्हणून लिहिलंत.

सदानंद: आणि मी सांगितले म्हणून तिने खाल्ले.

स्मृती: बारा पन्नास. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसणार आहात का?

शर्विल: नाही. सांगायचं. चिखलाचंही सांगायचं. त्या पावडरींची नावं असलेला कागद साइटच्या केबिनमध्ये लावलाय, मी फोटो मागवतो. इकामाचं नंतर बघू. फोन मी मॅनेजरला करतो, बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

स्मृती: नक्की?

शर्विल: आता विचारू नकोस. विचारलंस तर बदलेन.

स्मृती: ठीक. मग बाबा, डॉक्टरांना मी काय सांगायचं ते ठरवू, म्हणजे गोंधळ नको. शनिवारीच आम्ही चूर्णाचं सांगितलं होतं, डॉक्टर, तुमच्या ऐकण्यात घोळ झाला, तो आत्ता फाइल बघताना आमच्या लक्षात आला. बरोबर? यात तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत.

सदानंद: नाही.

स्मृती: काय नाही? सांगितलं होतंत ना?

सदानंद: सांगितले होते. आणि त्यांनी काय लिहिले, तेही मी पाहिले होते.

स्मृती: कधी?

सदानंद: तिथेच. कागद माझ्या बाजूला होता. इंग्रजीत चार अक्षरे, सॉल्ट. मी वाचली. छत्तीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणे हेच माझे काम होते, माझ्या नजरेतून ते सुटणार नव्हते.

शर्विल: आणि तुम्ही काही बोलला नाहीत?

सदानंद: मी तोंड उघडले होते. तेवढ्यात त्यांनी पान उलटले.

शर्विल: एवढ्यासाठी?

सदानंद: नाही. पान उलटले, तेव्हा मला बरे वाटले. ते तुला खरे सांगतो. मनात आले, इथे ती चूर्ण घेणार नाही, कॅल्शियम आपोआप उतरेल. शर्विलचे नाव निघणार नाही. आणि सदानंदरावांनी आपल्या बायकोला दगड कुटून खायला घातला, हे मंडळात कुणाला कळणार नाही. रविवारी वाटले, उद्या उतरेल. सोमवारी तिने मला ओळखले नाही. आज तू कॅन्सर म्हणालीस.

स्मृती: मी काल रात्रभर रडले बाबा. त्या शब्दासाठी.

सदानंद: मला ऐकू येत होते. भिंत पातळ आहे.

स्मृती: ऐकू येत होतं, आणि तुम्ही...

सदानंद: होय.

शर्विल: स्मृती, बस. नंतर. बाबा, पण हे त्यांना सांगायची काय गरज आहे? ऐकण्यात चूक झाली, एवढं पुरे. औषधोपचारात याने काडीचा फरक पडत नाही. उगाच कशाला अंगावर घेताय?

सदानंद: तो डॉक्टर मुलगा इथे नवीन आहे. वरिष्ठ त्याच्यावर कसे ओरडतात, ते काल ऐकले मी. चार दिवस चुकीच्या दिशेने उपचार झाले, हे उद्या कागदावर येईल, आणि ती नोंद कुणाच्या अक्षरातली, तर त्याच्या. हाशिरला वाचवायचे आणि याला द्यायचे, यात काय अर्थ आहे?

शर्विल: ते तुमच्यावर चिडतील. ओरडतील. सगळ्यांसमोर.

सदानंद: ओरडू दे.

स्मृती: आणि आई शुद्धीवर आल्या की? त्यांना कोण सांगणार?

सदानंद: ती शुद्धीवर येऊ दे. ती आली तर जे मागेल ते उत्तर देईन. आता तिच्याकडे कोणत्या तोंडाने जायचे, तो विचार मी सकाळपासून करतो आहे, आणि त्यात वेळ जातो, एवढेच मला समजले आहे.

शर्विल: ते बघा, ट्रॉली आली. आईच्या खोलीकडे वळतायत.

स्मृती: सिस्टर! सिस्टर, वन मिनिट! थांबवा, स्कॅनला नेऊ नका! डॉक्टर सत्यजित कुठे आहेत? ते बघ, काउंटरपाशी. डॉक्टर साब! एक मिनट रुकिए. बाबा, चला. तुमचं हिंदी तुटकं आहे, मी बोलते, तुम्ही नुसतं शेजारी उभे राहा.

सदानंद: नको. शेजारी तू उभी राहा. बोलेन मी.

स्मृती: डॉक्टर साब, मेरे ससुरजी को आपसे कुछ कहना है।

सदानंद: डॉक्टर साहब, वो नमक नहीं था। आपने गलत लिखा, ये मैंने उसी दिन देखा था।